हृदयाचे ऑपरेशन झाले, काळजाचे काय?

आपल्या बोलीत काळीज हा शब्द फार मोठा. आईचे काळीज, काळजाचा तुकडा, काळजात धस्स होणे. पण मटणाच्या दुकानात जाऊन 'पावशेर काळीज दे' म्हटले की दुकानदार हृदय देत नाही, यकृत देतो. म्हणजे ज्या काळजावर आपण डावा हात ठेवतो ते खरे तर उजव्या बरगडीखाली असते. डॉक्टर त्याला लिव्हर म्हणतात. हृदय आणि काळीज यांच्यात आपल्या भाषेने केलेला हा घोटाळा तसा अगदीच चुकीचा नाही. दोघे शेजारी आहेत आणि एकाचे दुखणे दुसऱ्याला सोसावे लागते. ज्या घरातील लेकराचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, त्या घराने तर ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

जन्मजात हृदयविकार हा दुर्मिळ आजार नव्हे. हजार बाळे जन्मली तर त्यांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. देशभरात वर्षाला दोन लाखांच्या वर अशी बाळे जन्माला येतात. २०११च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांवर आणि लातूरची साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. तेव्हा किनवट असो की निलंगा, मुखेड असो की अहमदपूर, अशी मुले प्रत्येक तालुक्यात असणारच. पूर्वी बाळ निळे पडते, दूध ओढताना घामाघूम होते, वजन धरत नाही, एवढेच दिसायचे. 'बाहेरचे लागले आहे' म्हणून अंगारा लावला जायचा आणि एक दिवस ते बाळ जायचे. त्याच्या मृत्यूचे कारण कुठल्याच कागदावर येत नसे.

हे चित्र बऱ्यापैकी बदलले आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघर येथून झाली. त्यातील वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत वर्षातून एकदा मुले तपासते. संशय आला तर टू-डी एको आणि पुढे ऑपरेशन. त्याआधी जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूर २०१३च्या शेवटी आले. २०१७पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि २०२३मध्ये शासनाने तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात तर मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. मजुराच्या मुलाचे हृदय उघडून दुरुस्त केले जाते, ही आपल्या आजोबांना पटली नसती अशी गोष्ट आज घडते आहे.

परंतु ऑपरेशन झाले की आपण प्रकरण निकाली काढतो. माझी नोकरी कारकुनाची. 'निकाली' हा शिक्का मारलेली फाईल पुन्हा कोणी उघडत नाही, हे मी रोज पाहतो. हृदयाच्या काही ऑपरेशनांच्या बाबतीत हा शिक्का मारताच येत नाही.

काळजीचे कारण कोणाला, कोणाला नाही

आधी धीर देणारी गोष्ट. बहुतेक मुलांच्या हृदयाला छिद्र असते. ते बुजवले, पुढच्या तपासण्या ठीक आल्या, तर यकृताची वेगळी चिंता करावी लागत नाही. उलट ऑपरेशनपूर्वी सुजलेले यकृत ऑपरेशननंतर आपोआप जागेवर येते. डॉक्टर तान्ह्या बाळाच्या पोटावर उजवीकडे बोटे ठेवून चाचपतात ते यासाठीच. हृदय थकले की रक्त मागे तुंबते आणि यकृत बरगडीखाली उतरते. डिस्चार्जच्या कागदावर 'लिव्हर ३ सेंमी' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत अतिदक्षता विभागात बाळाचे डोळे पिवळे दिसू लागले की नातेवाईक हादरतात. बाहेर बाकड्यावर लगेच कुजबुज सुरू होते, 'रक्त चुकीचे चढवले.' बहुतेक वेळा तसे नसते. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवलेले असते, त्यात काही तांबड्या पेशी फुटतात. हृदयाचा जोर काही काळ कमी असतो आणि यकृताला रक्त अपुरे मिळते. त्यामुळे यकृताचे आकडे वाढतात, कधी शेकड्यांत तर कधी हजारांत. हृदयाने जोर धरला की बहुतेकांचे आकडे काही दिवसांत ते आठवड्यांत उतरतात. न उतरले, लघवी कमी झाली, रक्त गोठेनासे झाले, तर मात्र परिस्थिती गंभीर असते. म्हणून रोजच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारावे: काविळीचा आकडा काल किती होता, आज किती आहे?

रक्तातून येणाऱ्या काविळीचा धोका आज पूर्वीइतका राहिलेला नाही, कारण दान केलेले रक्त ब आणि क प्रकारच्या काविळीसाठी तपासले जाते. ही तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांची लहानपणी ऑपरेशने झाली, त्यांनी, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्यांनी, हिपॅटायटिस सी ची तपासणी एकदा तरी करून घ्यावी. त्यावर आता गोळ्यांचे औषध आहे आणि आजार बरा होतो.

आता खरा विषय.

काही मुलांच्या हृदयात दोनऐवजी एकच कामाचा पंप असतो. निरोगी हृदयाचा उजवा कप्पा अशुद्ध रक्त फुप्फुसात ढकलतो आणि डावा कप्पा शुद्ध रक्त शरीरभर पाठवतो. या मुलांचा एक कप्पा खुरटलेला असतो, नाहीतर मधली झडप तयारच झालेली नसते. दोन्ही रक्ते मिसळतात आणि मूल निळे दिसते.

अशा निळ्या बाळांसाठीचे पहिले ऑपरेशन अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी झाले. त्याची हकिगत आपल्या वाचकांनी जरूर वाचावी अशी आहे. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बाईंची, ज्यांना पुढे ऐकू येत नसे. ऑपरेशन डॉ. अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी केले. पण ते ऑपरेशन प्रयोगशाळेत कुत्र्यांवर करून बसवले होते व्हिव्हियन थॉमस या काळ्या माणसाने. सुतारकामावर जगणारा हा तरुण डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवत होता. मंदीत बँक बुडाली आणि शिक्षण राहिले. प्रयोगशाळेत तो संशोधकाचे काम करी आणि त्याची नोंद व पगार मात्र झाडलोट करणाऱ्याचा. त्या दिवशी ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभे राहून तो टाका कसा घ्यायचा ते सांगत होता. गाजावाजा झाला तेव्हा त्याचे नाव कुठे नव्हते. त्याच संस्थेने १९७६मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि आता कुठे त्या ऑपरेशनच्या नावात ब्लेलॉक आणि टॉसिग यांच्यामध्ये 'थॉमस' लिहिले जाऊ लागले आहे. ज्ञानावर कोणाचा हक्क आणि श्रेय कोणाला, हा प्रश्न फक्त आपल्याच देशातला नाही.

त्या वाटेवर पुढे दोन पायऱ्या बांधल्या गेल्या. १९५८मध्ये अमेरिकेतील डॉ. ग्लेन यांनी शरीराच्या वरच्या भागातून येणारी मोठी शीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडली. १९६८मध्ये फ्रान्समधील बोर्दो शहरात डॉ. फ्रान्सिस फॉन्टन यांनी खालच्या भागाचे रक्तही हृदयातील पंप टाळून फुप्फुसात नेले आणि १९७१मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. आज एक कप्प्याच्या मुलाचे ग्लेन ऑपरेशन तान्हेपणीच आणि फॉन्टन साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात होते. आपल्याकडे मुले उशिरा सापडतात, त्यामुळे वय पुढे सरकते. फॉन्टननंतर मुलाचे ओठ गुलाबी होतात, मूल शाळेत जाते, खेळते. आई-बापांना वाटते, जिंकलो.

पाटाचे पाणी

जिंकलेले असतातच, पण किंमत यकृत भरत असते. शेतीतले उदाहरण घ्या. मोटार लावून पाणी ओढले तर पाट रिकामा राहतो. मोटारच नाही आणि पाणी नुसत्या उतारावर पुढे सरकवायचे, तर पाट कायम भरून ठेवावा लागतो. मग पाटाला लागून असलेले वावर चिबडते. फॉन्टननंतर फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा पंप नसतो. रक्त पुढे जावे म्हणून शिरांतला दाबच वाढलेला राहतो. निरोगी मुलात हा दाब पाऱ्याच्या पाच मिलिमीटरच्या आसपास असतो, फॉन्टनच्या मुलात दहा ते पंधरा. यकृताच्या शिरा नेमक्या हृदयाच्या खाली याच मोठ्या शिरेत उघडतात. म्हणजे पाटाला लागून असलेले वावर म्हणजे यकृत. त्यात रक्त रात्रंदिवस तुंबून राहते.

बरे, यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून कमी दाबाने येते. पुढे वाट तुंबलेली असली की तेही मंदावते. पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि त्यांच्या जागी चिवट धागे तयार होतात. असे तुंबलेले यकृत कापून पाहिले तर तांबड्या-पिवळसर ठिपक्यांचे दिसते, म्हणून वैद्यकशास्त्रात त्याला जायफळासारखे यकृत म्हणतात. आपल्या बायका खिरीत जायफळ उगाळतात, त्यांनी ते आडवे कापून एकदा पाहावे, म्हणजे चित्र लक्षात येईल.

फॉन्टनला दहा वर्षे उलटली की जवळजवळ प्रत्येकाच्या यकृतात थोडेफार असे धागे सापडतात. सगळ्यांचे यकृत निकामी होत नाही. कितीतरी जण तिशी-चाळिशी गाठून संसार-नोकरी करत आहेत. पण काहींना सिरॉसिस होतो आणि थोड्यांना यकृताचा कर्करोग होतो, तोही ऐन विशीत. वाणिज्य शाखेच्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे. पहिली काही वर्षे हिशोबात दिसत नाही.

दिसत नाही, हाच मुख्य धोका. पोट दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. नेहमीच्या लिव्हर तपासणीचे आकडेही बरेचदा जवळपास ठीक येतात आणि गावचा डॉक्टर म्हणतो, 'सगळे नॉर्मल आहे, कशाला जाता मुंबईला?' त्याचा हेतू चांगला असतो, पण या मुलांच्या बाबतीत नॉर्मल आकड्याचा अर्थ यकृत धड आहे असा होत नाही. प्लेटलेट हळूहळू उतरत गेल्या असतील, प्लीहा वाढली असेल, अल्ब्युमिन कमी झाले असेल, तर एका अहवालावरून कळत नाही. चार वर्षांचे चार अहवाल शेजारी ठेवले की कळते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९मध्ये फॉन्टनच्या रुग्णांविषयी जे सविस्तर मार्गदर्शन केले, त्यात यकृताची नियमित तपासणी हा उपचाराचाच भाग धरला आहे.

ज्यांचे ग्लेन झाले आणि फॉन्टन राहिले, अशीही मुले आपल्या भागात असतात. 'आता बरे आहे, पुढचे बघू' म्हणून तिसरी पायरी राहून जाते. यकृतातून येणाऱ्या रक्तात असे काहीतरी असते की जे फुप्फुसांना लागते. ग्लेननंतर ते थेट फुप्फुसात पोचत नाही, म्हणून फुप्फुसात चुकीच्या रक्तवाहिन्या वाढू लागतात आणि मूल पुन्हा निळे होते. तेव्हा अर्ध्या वाटेवर थांबणे हाही एक निर्णय ठरतो, आणि तो डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

ऊसतोड आणि तारीख

आता आपल्या घरांकडे येऊ. तपासणीची तारीख नोव्हेंबरात असते आणि कोयता त्याआधीच निघालेला असतो. मूल आजीजवळ राहते किंवा पाचटाच्या कोपीत बरोबर जाते. फाईल गावी पेटीत. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून मुंबई पावणेसहाशेच्या घरात. देगलूर-बिलोलीच्या माणसाला हैदराबाद जवळ पडते, पण तिथे आपल्या योजनेचा लाभ मिळेल का हे आधी विचारावे लागते. एका फेरीत दोन माणसांची चार दिवसांची मजुरी, गाडीभाडे, बाहेर खाणे. ऑपरेशनचा खर्च शासनाने केला. या फेऱ्यांचा कोण करणार? योजनेत काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस आहेत. आपल्या मुलाच्या ऑपरेशनला ते लागू आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला स्पष्ट विचारावे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, हा माझा अनुभव.

दरवर्षी मुंबई गाठलीच पाहिजे असेही नाही. रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत होऊ शकते. ते अहवाल ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवावेत आणि प्रत्यक्ष कधी यायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. सोनोग्राफी करणाऱ्याला 'फॉन्टन झाले आहे' हे तोंडाने सांगावे. नुसते 'हृदयाचे ऑपरेशन' सांगून भागत नाही, कारण या मुलांच्या यकृतात गाठीसारखे ठिपके दिसतात आणि त्यांचा अर्थ लावायला ही माहिती लागते. फायब्रोस्कॅन नावाच्या यंत्राचा आकडा या मुलांत नुसत्या तुंबलेल्या रक्तामुळेही चढा येतो. तो पाहून कोणी आशा सोडू नये.

काविळीचे नाव निघाले की आपल्याकडे गावठी औषध आलेच. कोणी नाकात देवडांगरीचा रस सोडतो, पिवळे पाणी वाहते आणि कावीळ निघाली म्हणतात. ते पाणी नाकाच्या आतल्या त्वचेला झालेल्या जखमेचे असते. ज्या मुलाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, त्याचे नाक अशाने वाहू लागले तर रक्त थांबवणे कठीण. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी दाखवतो. झाडाच्या सालीचा रस आधी हाताला लावला की ज्याला कावीळ नाही त्याचेही पाणी पिवळे होते. करून पाहा. भस्म, काढे, अनोळखी मुळ्या यांनी तुंबलेले यकृत सुधारत नाही, उलट रक्ताच्या गोळीचे प्रमाण बिघडते. त्या गोळीसाठी पीटी-आयएनआर ही तपासणी वेळच्या वेळी करावी.

अॅस्पिरिनविषयी एक सांगितलेच पाहिजे. हृदयाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांना कमी मात्रेत अॅस्पिरिन चालू असते. अशा मुलाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर क्वचित राय सिंड्रोम नावाचा भयंकर आजार होतो, ज्यात यकृत आणि मेंदू दोन्ही एकदम बिघडतात. आपल्याकडे कांजिण्या निघाल्या की 'आई आल्या' म्हणून दवाखाना वर्ज्य करतात, लिंबाचा पाला टांगतात. इथे तसे करू नये. पहिला फोड दिसला त्याच दिवशी डॉक्टरांना अॅस्पिरिनचे सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, चालूही ठेवू नये, विचारावे. कांजिण्या आणि फ्लूची लसही विचारून घ्यावी. हगवण लागली, मे महिन्याच्या उन्हात मूल सुकले, तर फॉन्टनच्या मुलाला ते इतरांपेक्षा जास्त भोवते. पोट फुगले, पाय सुजले, पातळ संडास थांबेना, तर 'खाण्यात काही आले' म्हणून बसू नये.

मुलगे सतरा-अठरा वर्षांचे झाले की वरातीत, मित्रांत पहिला घोट येतो. या मुलांच्या यकृताला दारूचा एक थेंबही परवडणारा नाही. हे बापाने सांगितले पाहिजे आणि सांगताना बापाच्या तोंडाला वास नसावा.

मुलींचे दुःख वेगळे आहे. छातीच्या मधोमध असलेला व्रण स्थळ पाहायला आलेल्यांपासून लपवतात. 'ऑपरेशनचे बोलू नका' असे घरात ठरते. फाईल पेटीच्या तळाशी जाते, तपासण्या बंद होतात, कारण गावात बोभाटा नको. लग्न होते, वर्षात दिवस जातात आणि ज्या डॉक्टरीण बाई तपासतात त्यांना हृदय, यकृत कशाचीच कल्पना नसते. फॉन्टन झालेल्या मुलीचे गर्भारपण फार जोखमीचे असते, हृदयाचे आणि यकृताचे डॉक्टर दोघांना विचारून मगच ठरवायचे असते. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्याही तिला चालत नाहीत. लपवून लावलेले लग्न या मुलीला सासरीही एकटे पाडते आणि दवाखान्यातही. मुलीच्या आईने निदान जावयाला सांगावे. स्थळ मोडले तर मोडू द्यावे.

बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर पथक शोधत येत नाही आणि मूल बालरोग विभागाचेही राहत नाही. म्हणून सोळा-सतराव्या वर्षीच ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाकडून एका पानाचा गोषवारा मागून घ्यावा: कोणते ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणती औषधे, शेवटचा एको, यकृताची शेवटची सोनोग्राफी. मराठीत लिहून मागितले तरी डॉक्टर नाही म्हणत नाहीत. त्याच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. एक घरी, एक मामाकडे किंवा आत्याकडे, एक मुलाच्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाईलमध्ये फोटो असावा. कोयत्यावर निघताना मुकादमाच्या उचलीचा कागद जसा जपून कनवटीला लावतो, तसाच हाही सोबत घ्यावा आणि पुढच्या तपासणीची तारीख शक्य तर पट्टा पडल्यानंतरची, मे-जूनमधील मागून घ्यावी. शाळा उघडायच्या आत सोनोग्राफी उरकते.